रिलीफ पिचरची कारकीर्द कशी वाचावी? मारियानो रिवेराच्या नोंदींवरून नवख्यांसाठी मार्गदर्शन

बेसबॉल नव्याने पाहू लागलेल्या मराठी प्रेक्षकाला फलंदाज लवकर कळतो, पहिल्या इनिंगपासून चेंडू टाकणारा स्टार्टिंग पिचरही कळतो. तो अडतो रिलीफ पिचरपाशी. सामना सुरू होऊन दोन तास उलटून गेल्यावर कुंपणाच्या दारातून एक माणूस धावत येतो, पंधरा-वीस चेंडू टाकतो, आणि तेवढ्या कामावर त्याचे नाव होते किंवा जाते. अशा माणसाची वर्षानुवर्षांची कारकीर्द मोजायची कशी, हा प्रश्न मलाही सुरुवातीची काही वर्षे पडत असे. आकड्यांच्या तक्त्यात उत्तर असते, परंतु ते कोणत्या क्रमाने शोधायचे हे कोणी सांगत नाही. तो क्रम येथे मांडतो.

उदाहरणासाठी मी न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिवेरा घेतला आहे. पनामामधील पोर्तो कायमितो या मासेमारीच्या गावात वाढलेला, वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर राबलेला हा पिचर १९९५ ते २०१३ या काळात एकाच संघाकडून खेळला आणि २०१९ साली हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी झालेल्या मतदानात त्याला ४२५ पैकी ४२५ मते मिळाली. असे एकमत त्याच्यापूर्वी कोणाही खेळाडूच्या वाट्याला आले नव्हते. नवख्याने त्याच्यापासून सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण रिलीफ पिचरच्या आयुष्यात जे जे घडू शकते ते जवळपास सगळे या एका कारकिर्दीत घडलेले आहे.

पायरी पहिली: सामन्याची चौकट समजून घ्यावी

सामना नऊ इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांचे तीन-तीन गडी बाद व्हावे लागतात. म्हणजे पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे २७ गडी बाद करण्याचे काम पिचरांच्या वाट्याला येते. क्रिकेटची सवय असलेल्याने येथे एक फरक मनावर ठसवून घ्यावा. क्रिकेटचा कर्णधार आपल्या मुख्य गोलंदाजाची दोन षटके शेवटासाठी राखून ठेवतो आणि मधल्या काळात त्याला सीमारेषेवर उभा करतो. बेसबॉलमध्ये मात्र सामन्यातून काढलेला खेळाडू त्या दिवशी परत येऊ शकत नाही. त्यामुळे व्यवस्थापकाने पिचर बदलला की तो निर्णय मागे घेता येत नाही. राखीव पिचर जिथे हात गरम करतात त्या जागेला बुलपेन म्हणतात आणि तिथे बसलेल्या सात-आठ जणांपैकी कोणाला कोणत्या क्षणी बोलवायचे, यावर सामन्याचा उत्तरार्ध चालतो.

या सात-आठ जणांची कामे ठरलेली असतात. स्टार्टर लवकर कोसळला तर दोन-तीन इनिंग ओढून नेणारा लाँग रिलीव्हर, सहावी-सातवी इनिंग सांभाळणारे मधले पिचर, आठव्या इनिंगचा सेटअप मॅन आणि नवव्या इनिंगचा क्लोजर, अशी ही साधारण रचना असते. पूर्वी एखादा डावखुरा पिचर केवळ एका डावखुऱ्या फलंदाजासाठी आणून लगेच काढून घेत असत. २०२० पासून प्रत्येक पिचरने किमान तीन फलंदाजांना सामोरे जावे किंवा इनिंग संपवावी असा नियम आल्याने ती पद्धत जवळपास संपली. जुन्या पिचरांच्या नोंदी वाचताना हा बदल ध्यानात ठेवावा.

पायरी दुसरी: तक्ता उघडावा आणि मोजके रकाने वाचावेत

कोणत्याही खेळाडूच्या नोंदींचा तक्ता पहिल्यांदा उघडला की रकान्यांची गर्दी पाहून माणूस गोंधळतो. सुरुवातीला पाचच रकाने पुरेत: एकूण सामने, त्यांपैकी किती सामन्यांत पहिल्या इनिंगपासून चेंडू टाकला, किती सामने शेवटपर्यंत नेले, किती इनिंग टाकल्या आणि ईआरए.

इनिंगच्या रकान्यातला दशांश फसवा असतो. १०७.२ याचा अर्थ १०७ पूर्ण इनिंग आणि वर दोन गडी, म्हणजे दोन तृतीयांश इनिंग. क्रिकेटमध्ये ४.३ षटके म्हणजे चार षटके तीन चेंडू असतात, त्याच जातीची ही पद्धत आहे, त्यामुळे आपल्याला ती परकी वाटू नये.

ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. रिवेराने संपूर्ण कारकिर्दीत १२८३.२ इनिंगमध्ये अशा ३१५ धावा दिल्या. ३१५ ला नऊने गुणून इनिंगने भागले की २.२१ हा आकडा येतो. नवख्याने हे गणित एकदा तरी स्वतः कागदावर करून पाहावे. त्याच्या जोडीला व्हिप नावाचा आकडा पाहावा, जो दर इनिंगमागे पिचरने हिट (चेंडू मारून बेस गाठणे) आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट बेस मिळणे) मिळून किती फलंदाजांना बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, जाऊ दिले हे सांगतो. रिवेराचा व्हिप बरोबर १.०० आहे. ज्या पिचरचा व्हिप दीडच्या आसपास असतो तो प्रत्येक वेळी दोरीवरून चालत असतो आणि त्याचा ईआरए आज चांगला दिसत असला तरी मी त्यावर विसंबत नाही.

पायरी तिसरी: सेव्हचा नियम नीट शिकावा, मग त्याला योग्य तेवढीच किंमत द्यावी

रिलीफ पिचरबद्दलची सर्वांत जास्त गैरसमजूत सेव्हभोवती, म्हणजे संघाची आघाडी शेवटपर्यंत राखल्याबद्दल पिचरला मिळणाऱ्या श्रेयाभोवती आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी मांडलेली ही कल्पना १९६९ साली अधिकृत नोंदींमध्ये आली. सेव्ह मिळण्यासाठी संघ जिंकलेला असावा लागतो, शेवटचा चेंडू त्या पिचरने टाकलेला असावा लागतो, विजयाचे श्रेय त्याच्या नावावर नसावे लागते आणि त्याने किमान एक गडी बाद केलेला असावा लागतो. याशिवाय पुढील तीनपैकी एक गोष्ट घडावी लागते: तो आला तेव्हा आघाडी तीन किंवा त्याहून कमी धावांची होती आणि त्याने किमान एक पूर्ण इनिंग टाकली, किंवा तो आला तेव्हा बरोबरीची धाव बेसवर, फलंदाजीला किंवा त्यानंतरच्या फलंदाजाच्या रूपाने तयार होती, किंवा त्याने किमान तीन इनिंग परिणामकारकपणे टाकल्या.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात क्लोजर नवव्या इनिंगमध्ये ५–२ अशा आघाडीवर येतो, बेस रिकामे असतात, तो दोन धावा देतो आणि संघ ५–४ असा जिंकतो. त्याला सेव्ह मिळतो. दुसऱ्यात सेटअप मॅन आठव्या इनिंगमध्ये ३–२ अशा आघाडीवर येतो, तिन्ही बेसवर धावपटू उभे असतात, एकही गडी बाद झालेला नसतो, आणि तो एकही धाव न देता तिघांना परत पाठवतो. नववी इनिंग दुसरा पिचर टाकतो, त्यामुळे सेव्ह त्या दुसऱ्याचा. सामना ज्याने वाचवला त्याच्या खात्यावर फक्त एक होल्ड, म्हणजे आघाडी टिकवून सामना पुढच्या पिचरच्या हाती दिल्याची नोंद, जमा होतो. रिलीफ पिचरची कारकीर्द बेरजेवरून वाचू नये, त्याला कोणत्या घडीला बोलावले गेले यावरून वाचावी, हे माझे मत या दोन प्रसंगांच्या तुलनेतूनच बनले आहे.

रिवेराचे ६५२ सेव्ह हा विक्रम आहे. १९ सप्टेंबर २०११ रोजी त्याने ट्रेव्हर हॉफमनचा ६०१ चा आकडा मागे टाकला. मात्र मला त्याहून बोलका वाटतो तो प्लेऑफचा, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, रकाना: ९६ सामने, १४१ इनिंग, ४२ सेव्ह आणि ईआरए ०.७०. हंगामातल्या सर्वांत कठीण प्रतिस्पर्ध्यांसमोर, सर्वांत मोठ्या दडपणाखाली त्याचा आकडा निम्म्याहूनही खाली उतरतो. सेव्हच्या संधींपैकी किती साधल्या आणि किती हुकल्या, म्हणजे ब्लोन सेव्ह किती, हेही सोबत पाहावे. रिवेराने शंभरातल्या सुमारे ८९ संधी साधल्या.

वेगवेगळ्या काळांतल्या क्लोजरांची थेट तुलना करू नये. १९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या माइक मार्शलने १०६ सामन्यांत रिलीफ पिचर म्हणून २०८ इनिंग टाकल्या आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार मिळवणारा तो पहिला रिलीफ पिचर ठरला. १९८८ च्या सुमारास ओकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रूसा यांनी डेनिस एकर्स्लीला प्रामुख्याने नवव्या इनिंगसाठी राखून ठेवण्यास सुरुवात केली आणि तीच पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. आज क्लोजर वर्षभरात साठ-सत्तर इनिंग टाकतो. त्यामुळे सेव्हची संख्या आणि इनिंगची संख्या हे दोन्ही आकडे त्या त्या काळाच्या चालीप्रमाणे बदललेले असतात.

पायरी चौथी: ईआरए जे झाकतो ते शोधावे

समजा पहिल्या पिचरने एक गडी बाद करून दोन धावपटू बेसवर सोडले आणि त्याला काढून दुसऱ्याला आणले. दुसऱ्याच्या पहिल्याच चेंडूवर डबल (फलंदाजाला दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा हिट) बसला आणि दोघेही धावपटू घरी पोहोचले, म्हणजे त्यांच्या धावा पूर्ण झाल्या. त्या दोन्ही धावा पहिल्याच्या खात्यावर पडतात. दुसऱ्याचा ईआरए जसाच्या तसा राहतो. म्हणून वारशाने मिळालेले धावपटू किती आणि त्यांपैकी किती घरी पोहोचले, हा रकाना वेगळा काढून पाहावा लागतो. मधल्या इनिंगमध्ये येणाऱ्या पिचरची खरी परीक्षा याच रकान्यात होते.

दुसरी अडचण इनिंगच्या कमी संख्येची आहे. एखाद्याने १० इनिंगमध्ये दोन धावा दिल्या असतील तर ईआरए १.८० होतो. एका रात्री त्याने एकच गडी बाद करून चार धावा दिल्या की तोच आकडा ५.२३ वर जातो. माणूस एका रात्रीत बिघडलेला नसतो. मे महिन्यातल्या ईआरएवरून रिलीफ पिचरला नावे ठेवणाऱ्यांचे मी म्हणूनच ऐकत नाही, आणि नवख्यानेही किमान हंगामाचा निम्मा भाग सरेपर्यंत मत बनवू नये.

पायरी पाचवी: तो रिलीफ पिचर झाला कसा, हे पाहावे

लहानपणापासून रिलीफ पिचर होण्याची तयारी फार थोडे जण करतात. बहुतेक जण स्टार्टर म्हणून सुरुवात करतात आणि तिथे कमी पडतात. कोणाकडे चेंडूंचे पुरेसे प्रकार नसतात, कोणाचा हात सहा इनिंगचा भार सोसत नाही.

रिवेराने १९९० च्या फेब्रुवारीत यांकीजशी करार केला तेव्हा त्याला अवघे २,५०० डॉलर मिळाले. त्याच वर्षी गल्फ कोस्ट लीग या नवोदितांच्या मायनर (खालच्या स्तराच्या) लीगमध्ये त्याने ५२ इनिंगमध्ये खात्यावर केवळ एक धाव पडू दिली. १९९२ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. २३ मे १९९५ रोजी तो मेजर लीग या सर्वोच्च स्तरावर प्रथम उतरला, तेही स्टार्टर म्हणून, आणि चौथ्या इनिंगमध्येच त्याला काढावे लागले. संघ १०–० असा हरला. त्या वर्षीच्या त्याच्या ओळीत १९ सामने, त्यांपैकी १० स्टार्ट आणि ५.५१ ईआरए दिसतो. केवळ ही ओळ वाचणारा त्याला बाद ठरवील. पण त्याच वर्षी ४ जुलैला त्याने शिकागो व्हाइट सॉक्सला आठ इनिंगमध्ये एकही धाव करू दिली नव्हती आणि ११ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) घेतले होते. प्लेऑफमध्ये सिएटलविरुद्ध रिलीफ पिचर म्हणून टाकलेल्या ५.१ इनिंगमध्येही धाव गेली नव्हती. पुढच्या वर्षी त्याला कायमचा बुलपेनमध्ये बसवण्यात आले. १९९६ मध्ये क्लोजर जॉन वेटलंडच्या आधी येऊन त्याने १०७.२ इनिंग टाकल्या, १३० स्ट्राइकआऊट घेतले आणि ईआरए २.०९ राखला. सेव्ह मात्र पाचच. माझ्या दृष्टीने त्याच्या सर्वोत्तम हंगामांपैकी हा एक आहे आणि सेव्हच्या रकान्यात तो जवळजवळ दिसतच नाही.

वेटलंड गेल्यावर १९९७ मध्ये तो क्लोजर झाला. त्या जूनमध्ये सहकारी रामिरो मेंडोझाबरोबर सरावाची फेकाफेक चालू असताना रिवेराचा चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप बाजूला सरकू लागला आणि मेंडोझाला तो पकडणे अवघड जाऊ लागले. रिवेरा आणि पिचिंग प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर यांनी ती सवय घालवण्याचा प्रयत्न केला; ती जाईना. तोच पुढे त्याचा कटर ठरला. हा चेंडू फास्टबॉलसारखाच दिसतो, परंतु डावखुऱ्या फलंदाजापर्यंत पोहोचताना काही इंच आत शिरतो. फलंदाज बॅटच्या जाड भागाने मारायला जातो आणि चेंडू मुठीजवळच्या बारीक भागावर आदळतो, त्यामुळे बॅट तुटते. पुढची सोळा वर्षे फलंदाजांना काय येणार हे ठाऊक होते आणि तरीही तो एकच चेंडू पुरला. कोणत्याही रिलीफ पिचरचा अभ्यास करताना त्याचा हुकमी चेंडू कोणता, तो कधी सापडला आणि त्या वर्षानंतर आकडे कसे बदलले, हे अवश्य तपासावे.

पायरी सहावी: कराराची भाषा ओळखीची करून घ्यावी

या कारकिर्दीचा मोठा भाग मैदानाबाहेर ठरतो. मेजर लीगच्या संघात एका वेळी २६ खेळाडू असतात आणि त्यांत पिचरांची संख्या सर्वसाधारणपणे १३ पर्यंतच ठेवता येते. ज्या तरुण पिचरचे ‘ऑप्शन’ शिल्लक असतात त्याला संघ मायनर लीगमध्ये पाठवू शकतो आणि परत बोलावू शकतो. असे तीन हंगाम करता येते आणि २०२२ च्या करारापासून एका हंगामात अशा पाठवणीवर पाच वेळांची मर्यादा आहे. काल तीन इनिंग टाकून दमलेल्या पिचरला आज खाली पाठवून ताज्या दमाचा दुसरा आणतात, हे पाहून नवखा चक्रावतो. त्या खेळाडूने काही चूक केलेली नसते. ऑप्शन संपले की त्याला इतर संघांसाठी खुले केल्याशिवाय खाली पाठवता येत नाही, म्हणून त्या वर्षी अनेकांचे संघ बदलतात.

मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष. तीन वर्षे झाली की पगाराबाबत लवादाकडे जाता येते, सहा वर्षे झाली की खेळाडू मुक्त होतो. रिलीफ पिचरचा हात किती वर्षे टिकेल याचा भरवसा नसल्याने ही सहा वर्षे पुरी होणे हाच अनेकांच्या कारकिर्दीतला मोठा टप्पा असतो.

खालच्या पायऱ्यांवरची गर्दी किती असते, हे भारतीय वाचकाला एका उदाहरणावरून कळेल. २००८ साली भारतात घेतलेल्या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. २००९ मध्ये दोघेही त्याच गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले जिथून रिवेराने सुरुवात केली होती. हातात वेग होता, मेहनत होती, तरी दोघांनाही मेजर लीगपर्यंत पोहोचता आले नाही. बेसबॉल कधीही न खेळलेल्या मुलांनी तिथे पिचर म्हणून उभे राहणे हीच मला मोठी गोष्ट वाटते.

पायरी सातवी: त्याची सर्वांत वाईट रात्र पूर्ण पाहावी

विजयाच्या झलकी सगळेच पाहतात. पिचर समजून घ्यायचा असेल तर तो हरलेला सामना चेंडूगणिक पाहावा. रिवेराच्या बाबतीत तो सामना म्हणजे ४ नोव्हेंबर २००१, फीनिक्स, अॅरिझोना डायमंडबॅक्सविरुद्ध वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. तोपर्यंत त्याने प्लेऑफमधले सलग २३ सेव्ह साधले होते. २–१ अशा आघाडीवर तो आठव्या इनिंगमध्ये आला आणि त्या इनिंगमध्ये त्याने तीन स्ट्राइकआऊट घेतले.

नवव्या इनिंगमध्ये मार्क ग्रेसने सिंगल (एका बेसचा हिट) मारला. डेमियन मिलरने बंट केला, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच समोर टेकवला. रिवेराने चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला आणि तो फेकीचा नेम चुकून मैदानात दूर गेला. पुढच्या बंटवर त्याने तिसऱ्या बेसवर धावपटू बाद केला. त्यानंतर टोनी वोमॅकच्या डबलने बरोबरी झाली, क्रेग काउन्सेलला चेंडू लागला आणि तिन्ही बेस भरले. एकच गडी बाद असल्यामुळे धाव रोखण्यासाठी आतले क्षेत्ररक्षक पुढे आले. लुइस गोन्झालेसला पडलेला कटर नेहमीसारखाच आत शिरला, बॅटला नीट बसलाही नाही, आणि चेंडू पुढे आलेल्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) डोक्यावरून अलगद मागच्या गवतावर पडला. क्षेत्ररक्षक नेहमीच्या जागी असता तर तो सोपा झेल होता. तक्त्यात एवढेच दिसते: १.१ इनिंग, चार हिट, तीन स्ट्राइकआऊट, पराभव. कोणता हिट खणखणीत होता, कोणता नशिबाचा आणि कोणती चूक पिचरच्या स्वतःच्या हाताची, हे ओळखायला शिकण्यासाठी यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. पुढच्या बारा वर्षांचे त्याचे आकडे या रात्रीनंतरचे आहेत, हेही सोबत वाचावे.

पायरी आठवी: दुखापतींची वर्षे वगळू नयेत

ओळीत अचानक कमी सामने दिसले की कारण शोधावे. रिवेराच्या २०१२ च्या ओळीत नऊच सामने आहेत: ३ मे रोजी कॅन्सस सिटीत सामन्यापूर्वीच्या सरावात झेल घेताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. पुढच्या हंगामात परत येऊन त्याने ४४ सेव्ह घेतले आणि मग निवृत्त झाला.

पायरी नववी: आता स्वतःची वही घालावी

सध्या खेळणारा कोणताही एक रिलीफ पिचर निवडावा आणि दोन आठवडे त्याचाच पाठपुरावा करावा. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा उन्हाळ्यातला सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला सुरू होतो. २०२३ पासून चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावल्यामुळे सामने आटोपशीर झाले आहेत, म्हणून नववी इनिंग साधारण सकाळी सातच्या सुमारास, चहाच्या वेळेला सापडते. न्यू जर्सीत किंवा बोस्टनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाने एकदा प्रत्यक्ष मैदानात बुलपेनच्या जवळची जागा घ्यावी, कारण पिचर बोलावला जाण्यापूर्वी किती वेळा उठतो, हात गरम करतो आणि पुन्हा बसतो, हे चित्रवाणीवर दिसत नाही. त्या फेकींची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही, पण हाताला त्या लागतातच.

वहीत प्रत्येक सामन्यासाठी हे रकाने आखावेत: आला तेव्हाची इनिंग, धावफलक, बेसवरचे धावपटू, बाद झालेले गडी, गेला तेव्हाची हीच स्थिती, टाकलेले चेंडू, आदल्या दिवशी टाकले होते का, आणि शेवटी शेऱ्यासाठी रुंद जागा. सरावासाठी पहिली नोंद २६ सप्टेंबर २०१३ ची करावी, रिवेराच्या यांकी स्टेडियमवरील अखेरच्या सामन्याची. तो आठव्या इनिंगमध्ये आला, संघ पिछाडीवर होता, त्याने चार गडी बाद केले, हिट नाही, धाव नाही. सामना यांकीज ४–० असे हरले, त्यामुळे सेव्ह नाही, होल्ड नाही, विजय नाही. नवव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद झाल्यावर त्याला काढून घेण्यासाठी व्यवस्थापकाऐवजी त्याचे जुने सहकारी डेरेक जेटर आणि अँडी पेटिट माऊंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, चालत गेले, आणि रिवेरा पेटिटच्या खांद्यावर डोके ठेवून बराच वेळ रडला. हे शेऱ्याच्या रकान्यात लिहावे.